एका ओठाचा आळ

मी एक जुनी विळी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता माझ्या जातीचं कुणी उरलं नसेल. तुमच्या ओट्यावर चाकू असतो, नाहीतर बटण दाबलं की गरगरणारं यंत्र असतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण माझ्यासमोर यायचं तर माणसाला जमिनीवर बसावं लागतं, पाटावर पाय दाबून धरावा लागतो, मगच मी काम करते. मी कुणाच्या हातात जात नाही, भाजी माझ्याकडे येते. हा ताठा मी जन्मभर बाळगला. आणि तरी माझ्यावर असा एक आळ आला की त्यापुढे माझा सगळा ताठा उतरला. तोच आळ आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझं पातं एका मोडक्या ट्रकच्या पाट्याचं आहे. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे हायवेवर कांद्यानं खचाखच भरलेला एक ट्रक बसला, त्याच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि तो एका लोहाराच्या भट्टीत आला. लोहारानं मला लाल करून ऐरणीवर धरलं आणि त्याच्या बायकोनं घण मारले. खरं सांगायचं तर मला आकार दिला तो तिनंच. मग बाभळीचा जाड पाट आला, माझ्या डोक्यावर नारळ खवायचे दाते आले, आणि वणीच्या यात्रेत मी एका गोणपाटावर विकायला बसले. तिथं एका बाईनं माझ्या धारेवर नखाची कड घासून बघितली. म्हणाली, "ही चालंल माझ्या सखूला." अशी मी सखुबाईच्या लग्नात तिच्याबरोबर सासरी आले.

सखुबाईचं सासर म्हणजे मखमलाबादच्या पुढचा मळा. एक विहीर, थोडी भाजी आणि बाकी सगळी फुलं. झेंडू, शेवंती, गुलछडी. नवऱ्याचं नाव खंडेराव. तो बोलायला कमी आणि राबायला पुढे. सखुबाईनं मला कधी उभं ठेवलं नाही. काम झालं की धुवायचं, पुसायचं आणि आडवी करून भिंतीशी सारायचं, म्हणजे कुणाच्या पायाला लागायला नको. दसऱ्याला ती मला हळदकुंकू लावायची. भावकीत लग्न निघालं की मला मागणं यायचं, कारण लाल भोपळा माझ्यासारखा कुणाकडून कापला जात नसे. भोपळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही अशी रीत, म्हणून खंडेरावाला शेतातून हाक मारून आणायचं, तो घाव घालून परत जायचा आणि उरलेला अख्खा भोपळा बायकांनी कापायचा. मला नेहमी हसू यायचं. रीत सांभाळली म्हणून पुरुष खूश आणि भोपळा चिरला म्हणून बायका खूश. तेव्हा मला कुठं माहीत होतं की रीतीचा हाच खेळ एक दिवस माझ्या अंगाशी येणार आहे.

मग घरात प्रतिभा आली. सखुबाईचा मुलगा ललित, त्याची ती बायको. माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षाच्या मळ्यात वाढलेली, हात चपळ. तिनं पहिल्या दिवशी माझ्यावर मेथी चिरली ती इतकी बारीक की सखुबाईनं चिमटीत घेऊन बघितली आणि काही न बोलता फोडणी टाकली. सखुबाई काही बोलली नाही म्हणजे तिला आवडलं. दोघींचं बरं चाललं होतं. सासू-सुनेचं जितकं बरं चालतं तितकं, पण खोटं नव्हतं. प्रतिभाला दिवस गेले तेव्हा सखुबाई रोज तिच्यासाठी माझ्यावर एक कैरी कापायची, मीठ लावून वाटीत ठेवायची आणि "माझ्यासाठी कापली व्हती, उरली" म्हणून पुढे सरकवायची.

त्या वर्षी दिवाळीत ग्रहण आलं. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी झालेलं, पाडवा दुसऱ्या दिवशी, आणि मधल्या दिवशी संध्याकाळी सूर्याला ग्रहण लागायचं होतं. प्रतिभाला पाचवा महिना होता. आमच्याकडे गर्भारणीनं ग्रहणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, दुमडायचं नाही, एका जागी बसून राहायचं. चिरलं तर बाळाचा ओठ चिरतो म्हणतात. कोण म्हणतं ते कुणाला ठाऊक नसतं, पण म्हणतात सगळेच. सखुबाईनं सकाळीच पाण्यावर तुळशीचं पान ठेवलं, प्रतिभाला आतल्या खोलीत बसवलं आणि मला फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात सारलं.

पण पाडव्याची फुलं थांबत नाहीत. झेंडू सकाळपासून लांबच लांब दोऱ्यात ओवून ठेवला होता आणि त्याच्या माळा कापायचं काम ग्रहण सुटल्यावर करायचं ठरलं होतं. टेम्पोवाला मात्र ग्रहणाच्या धास्तीनं लवकर आला. अंधाराच्या आत नाशिक गाठायचं म्हणून तो अंगणात हॉर्न वाजवत बसला. ऊन मळकट पिवळं झालं होतं. खंडेराव आणि ललित क्रेट भरत होते, सखुबाईचे दोन्ही हात माळांच्या ढिगात अडकले होते.

"प्रतिभा," ती आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाली, "विळी घे आणि ये जरा. दोरा काप पटापट. टेम्पो जाईल."

"आई, ग्रहण लागलंय ना."

"भाजी थोडीच चिरतीस? दोरा तर हाय. एवढ्यानं काय होतंय."

प्रतिभा आली, माझ्यासमोर बसली आणि दोरा कापत गेली. सखुबाई माळ ओढून धरायची, ती माझ्या पात्याला दोरा लावायची, तुकडा सुटायचा. एवढंच झालं. कापलं गेलं ते दोऱ्याचं सूत, दुसरं काही नाही. हे मी शपथेवर सांगते, पण विळीची शपथ कोण मानतं?

फाल्गुनात प्रतिभाला मुलगी झाली. तिच्या वरच्या ओठाला डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत फट होती आणि आत टाळूही दुभंगलेली होती. जिथं बाळंतपण झालं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशननं हे नीट होतं, तोवर वाटी-चमच्यानं दूध पाजा आणि अमक्या तारखेला दाखवायला आणा. त्या तारखेला कुणी गेलं नाही. बाळाला बाहेर न्यायचं म्हणजे चार माणसांनी बघायचं. ललित एकदा म्हणाला, "जाऊन तर येऊ." खंडेराव म्हणाला, "जरा बाळसं धरू दे पोरीला." मग ललित पुन्हा बोलला नाही. बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. पाळण्यात नाव नसलेलं बाळ निजलेलं होतं आणि घरातली माणसं पाय न वाजवता वावरत होती.

मग शेजारच्या मळ्यातली रंगूबाई आली. ती वाईट बाई नाही. कुणाच्याही दुखण्याला धावते, फक्त धावताना तोंड आधी पोचतं. तिनं बाळाचं दुपटं सारून बघितलं, लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "ग्रहणात काय चिरलं-बिरलं व्हतं का गं पोरी?"

प्रतिभा खाली बघत म्हणाली, "दोरा कापला होता."

कुणी सांगितलं म्हणून कापला, ते ती बोलली नाही. मी सखुबाईकडे बघत होते. ती चुलीकडे तोंड करून चहा ढवळत होती. साखर कधीच विरघळली होती, तरी ती ढवळतच राहिली. मला तिचा फार राग आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आला.

दुसऱ्या दिवशी सखुबाईनं मला उचललं आणि मागच्या कांदे साठवायच्या चाळीत नेऊन टाकलं. धुतलं नाही, पुसलं नाही. कैरीचा रस माझ्या पात्यावर तसाच सुकला आणि त्यावर गंज चढला. चाळीच्या फटींतून मला पडवी दिसायची. प्रतिभा वाटीत दूध काढून द्यायची आणि लगेच भिंतीकडे तोंड फिरवून बसायची. बाळाला मांडीवर घ्यायची सखुबाई. दूध अर्धं नाकातून परत यायचं, बाळ ठसकायचं, सखुबाई घाबरून चमचा खाली ठेवायची. "पुरं झालं तिला," म्हणायची. पुरं झालेलं नसायचं. प्रतिभा कधी कधी पाळण्याजवळ जायची, हात पुढे करायची आणि बाळाच्या तोंडाजवळ गेला की मागे घ्यायची. तिला वाटायचं, आपला हात लागला की आणखी काही चिरेल. असं ती एकदा ललितला म्हणाली होती. ललित चप्पल घालून बाहेर गेला. त्यालाही आतून तसंच वाटत असावं, असं मला त्याच्या उठून जाण्यावरून वाटलं.

बाळ वाढत नव्हतं. सुरुवातीला भुकेनं रडायचं, मग रडणंही बारीक झालं. मित्रांनो, मी पुष्कळ चिरलं आहे, पण त्या दिवसांत त्या घराकडे मला बघवत नव्हतं. मुलीचे दिवस वाया चालले होते आणि दोन बायका एकमेकींना न सांगता एकच गोष्ट मनात धरून बसल्या होत्या.

रंगूबाईनंच उपाय आणला. अमावास्येला विळी गोदेत सोडायची. आईनं बाळाला जवळ घेऊन स्वतःच्या हातानं सोडायची, म्हणजे दोष वाहून जातो. सखुबाईनं मला जुन्या पिशवीत घातलं. मला बुडायची भीती वाटली नाही. लोखंडाला बुडण्याचं काय? पण न केलेल्या गुन्ह्यासाठी बुडायचं, याचं वाईट वाटलं.

रिक्षात सखुबाई, प्रतिभा, बाळ आणि पायाशी मी. वाटेत बाळ कण्हायला लागलं म्हणून सखुबाईनं बरोबर आणलेलं दूध चमच्यानं पाजायला घेतलं. तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली. दूध भलतीकडे गेलं. बाळाला ठसका लागला, तो थांबेना, ओठ निळसर झाले. सखुबाई "थांबव रे, थांबव" म्हणत राहिली. रिक्षावाल्यानं समोर लहान मुलांच्या डॉक्टरची पाटी दिसली तिथं रिक्षा लावली.

डॉक्टरचं नाव स्वरदा. प्रतिभाच्याच वयाची असेल, फार तर चार वर्षं मोठी. तिनं एक शब्द न विचारता बाळ घेतलं, कुशीवर केलं, नाकातोंडातलं दूध काढलं, पाठीवर हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं बाळाचा रंग परत आला. मग तिनं वजन केलं, जन्माच्या वेळचं वजन विचारून घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

"जन्मलं तेव्हापेक्षा वजन कमी झालंय. दूध कोण पाजतं?"

"मी," सखुबाई म्हणाली.

"आई का नाही पाजत?"

मग सखुबाईनं पिशवीतून मला काढलं आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. गंजलेली, कांद्याची सालं चिकटलेली मी त्या पांढऱ्या टेबलावर आडवी पडले. मला लाज वाटली.

"ही ती विळी," सखुबाई म्हणाली. "ग्रहणात हिच्यावर कापलं. आत्ता नदीवर सोडायला चाललो व्हतो."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती हसेल, किंवा रागावेल. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं खुर्ची ओढून प्रतिभासमोर घेतली.

"ग्रहणाच्या वेळी कितवा महिना होता?"

"पाचवा."

"मग ऐका. बाळाचा ओठ दुसरा महिना सरेपर्यंत जोडून झालेला असतो. टाळू तिसऱ्या महिन्यात. पाचव्या महिन्यात तुम्ही काही कापलं असतं किंवा नसतं, हिचा ओठ तेव्हा असाच होता."

प्रतिभानं मान वर केली नाही. पण ती ऐकत होती, हे मला तिच्या बोटांवरून कळलं. बोटं पदराशी खेळायची थांबली होती.

डॉक्टर पुढे बोलत राहिली, आणि मित्रांनो, ती जे बोलली ते मी तेव्हापासून रोज आठवते. ती म्हणाली, बाळाचं तोंड एका तुकड्यात घडत नाही. आधी पाठीच्या बाजूला मेंदूची एक नळी तयार होते. त्या नळीच्या कडेवरून बारीक बारीक पेशी निघतात आणि चालत चालत पुढे येतात. चेहऱ्याची हाडं, जबडा, ओठाचं मांस, सगळं बरंचसं त्यांच्यापासून बनतं.

"चालत?" सखुबाईनं विचारलं.

"हो आजी. खरंच चालत. आणि कुठं जायचं, किती वाढायचं, कुठं थांबायचं, ते त्यांना शेजारच्या पेशी सांगतात. एक पेशी रसायनाचा बारीकसा निरोप सोडते, दुसरी तो ओळखते आणि पुढे तिसरीला देते. मेंदूचा पुढचा भाग चेहऱ्याला निरोप देतो, चेहराही मेंदूला देतो. दोघं एकमेकांना विचारत विचारत वाढतात. डावीकडून एक भाग येतो, उजवीकडून एक, मधून एक. वेळेवर भेटले की जुळतात. एखादा निरोप उशिरा पोचला, किंवा कमी पडला, तर भेट हुकते. मग फट राहते. फाटलेलं नसतं ते. जुळायचं राहिलेलं असतं."

फाटलेलं नसतं, जुळायचं राहिलेलं असतं. म्हणजे त्या ओठावर कधी कुठलं पातं चाललंच नव्हतं. माझंही नाही, प्रतिभाचंही नाही. मला त्या टेबलावरून मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

"मग निरोप का चुकला?" प्रतिभानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "आषाढात झेंडूवर फवारणी चालली होती. मी पंपात पाणी ओतून देत होते. त्यानं का? की मी काही खाल्लं नाही म्हणून? उलट्या होत होत्या, पोटात काही ठरत नव्हतं."

डॉक्टर म्हणाली, "कधी घराण्यातून येतं, कधी पोषण कमी पडतं, कधी एखादं औषध लागतं. पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्या, फवारणीपासून लांब राहा. ते मी नक्की सांगेन. पण हिच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्याकडून ही एक विळी काढून घेतली तर दोष द्यायला दुसरी माझ्याकडे मागू नका."

प्रतिभाच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसलं नाही. मला ते समजलं. दोष माहीत असला की माणूस त्याला नदीत सोडायला तरी जातो. दोष कुणाचाच नाही म्हटल्यावर जायचं कुठं?

मग डॉक्टरनं बाळाकडे बघून आवाज खाली आणला. "बाळ फार मलूल आहे. ज्या निरोपांनी चेहरा घडतो, मेंदूचा पुढचा भागही त्यांच्यातल्या काहींनी घडतो. फट एका बाजूला असली तर मेंदू बहुतेक वेळा ठीक असतो. तरी मी डोक्यावरच्या मऊ टाळूवरून सोनोग्राफी करून बघते. तुम्ही बाहेर बसा."

तिनं बाळाला आत नेलं. दार उघडंच होतं आणि मला टेबलावरून बाहेरचा बाक दिसत होता. सासू-सून शेजारी बसल्या. मधे एका माणसाची जागा मोकळी. आत यंत्राचा आवाज येत होता. बाळाचा येत नव्हता.

सखुबाई म्हणाली, "दोरा काप म्हणून मी सांगितलं व्हतं."

"मला ठाऊक हाय," प्रतिभा म्हणाली. घरात नीट बोलणाऱ्या तिच्या तोंडात त्या बाकावर माहेरची बोली आली.

"मग रंगूबाईला का नाय बोललीस?"

"बोलून काय झालं असतं? लोकांनी दोघींची नावं घेतली असती."

सखुबाईनं पदर तोंडाशी धरला. "मी लय वाईट केलं. तू खाली मान घालून बसलीस आन् मी चहा करत व्हते."

"आई, ते जाऊ द्या. डॉक्टरीणबाई म्हणतात ते खरं असलं तर मी तिला इतके दिवस उगाच लांब ठेवलं." मग तिनं आतल्या दाराकडे बघितलं. म्हणाली, "आन् आता डोक्यातच काही निघालं तर?"

सखुबाई सरकून मधल्या जागेत बसली.

डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा रागावलेला होता. प्रतिभा उभी राहिली.

"मेंदू ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. "डावा-उजवा भाग व्हायला हवा तसा वेगळा झालेला आहे, आतली सगळी रचना जागेवर आहे. हिच्या मेंदूला काही झालेलं नाही. ही उपाशी आहे."

हॉर्न, रस्ता, शेजारच्या दुकानातलं भजन, सगळं ऐकू येत होतं. माझ्यावर आलेला आळसुद्धा त्या तीन शब्दांएवढा जड नव्हता, आणि ते शब्द माझ्यासाठी नव्हतेच.

मग डॉक्टरनं प्रतिभाला खुर्चीवर बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. डोकं वर हवं. चमचा गालाच्या आतल्या बाजूला टेकवायचा. थोडं दूध, मग थांबायचं. नाकातून आलं तर घाबरायचं नाही, पुसायचं आणि पुन्हा पाजायचं. पहिला चमचा प्रतिभाच्या साडीवर सांडला. दुसरा बाळाच्या गळ्यावर. तिसरा तोंडात गेला. बाळानं गिळला, थोडा नाकातून आला, प्रतिभानं बोटानं पुसला. ते बोट त्या फटीवरून गेलं. बाळाला काही झालं नाही. ते तोंड उघडून चमचा शोधायला लागलं.

डॉक्टरनं केसपेपरवर लिहिण्यासाठी नाव विचारलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "बाळच लिहा सध्या," सखुबाई म्हणाली. डॉक्टरनं तसं लिहिलं, आणि वजन अमुक इतकं झालं की ऑपरेशनला पाठवीन, दर आठवड्याला यायचं, असं बजावून सांगितलं.

नदीवर कुणी गेलं नाही. मी पिशवीतून परत आले. मळ्याच्या तोंडाशी रंगूबाई वाट बघत उभी होती.

"सोडली का?"

"नाय," सखुबाई म्हणाली. "आन् ऐक रंगू. दोरा काप म्हणून तिला मी सांगितलं व्हतं. त्यानं काय झालेलं नाय, डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलंय. पण कुणाला बोलायचंच असंल तर मला बोला. तिला कुणी बोलायचं नाय."

रंगूबाईला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. गेल्याच आठवड्यात मी तिला दुसऱ्या एका पोरीला ग्रहणाचं सांगताना ऐकलं. पण त्या दिवशी ती पुढे काही बोलली नाही, आणि दर दोन दिवसांनी गाईचं तूप घेऊन प्रतिभासाठी येत राहिली.

पुढचे महिने सोपे नव्हते. बाळाला दोनदा सर्दी झाली, दोनदा वजन घसरलं. प्रतिभा दिवसभर वाटी-चमचा घेऊन बसलेली असायची. बाजाराला जायची फुलं ललित आणि खंडेराव बघायचे. मुलीचं नाव सायली ठेवलं, पाळण्याभोवती घरातल्याच बायका होत्या. हळूहळू सायली हसायला लागली. तिचं हसू मोठं रुंद होतं, ओठाची फट नाकाकडे ताणली जायची आणि अर्धा चेहरा त्या हसण्यात जायचा. श्रावणात तिचं ओठाचं ऑपरेशन झालं. टाळूचं नंतर झालं. बोलणं अजून नाकातून येतं, त्यासाठी तिला शिकवायला नेतात. आता ती तीन वर्षांची आहे आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारत असते, ते मला नीट कळत नाही.

प्रतिभा मला अजून हात लावत नाही. तिनं एक चाकू आणला आहे. सगळं समजलेलं असूनही ती माझ्यासमोर बसत नाही. सुरुवातीला मला वाटलं, म्हणजे आळ गेलाच नाही. पण भीती काही गणिताचं उत्तर नाही की एकदा सुटलं की झालं. मी तिच्यावर रागवत नाही. सखुबाई मला घासते, तेल लावते, आडवी ठेवते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी मागावं अशी तुमची अपेक्षा असते. लोखंडाला तेल लावा, कोरडं ठेवा, हे मी मागेन. पण माझ्यापेक्षा जास्त काळजी एखाद्या आईला लागते. कुणाचं बाळ वेगळा चेहरा घेऊन आलं तर तिनं काय चिरलं, काय खाल्लं, कुठं बसली, ते विचारू नका. बाळ जेवतंय का, एवढंच विचारा. आणि लवकर विचारा.

एक गोष्ट सांगायची राहिली. ऑपरेशन करून सायलीला घरी आणलं तेव्हा ललितनं पेढे आणले होते. ओठ जुळला होता, टाके सुकत आले होते. जो तो म्हणत होता, ओळखूसुद्धा येत नाही. दोन-चार दिवसांनी सायली पहिल्यांदा हसली. छोटंसं हसू, एका बाजूला ओढलेलं, नीट. सगळे टाळ्या वाजवत होते. प्रतिभा उठून स्वयंपाकघरात आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. ती रडत होती. सखुबाई तिच्या मागून आली.

"काय झालं गं? चांगलं झालंय की सगळं."

"आई, मला तिचं ते पहिलं हसू आवडायला लागलं होतं. ते आता पुन्हा दिसायचं नाही."

सखुबाई तिच्याजवळ खाली बसली. बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मलाबी," ती म्हणाली.

बाहेरून ललित पेढा खायला हाका मारत होता. दोघी लगेच उठल्या नाहीत.